आधी कानस, मग ऐरण

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय 31. नोकरी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात, राहणं चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. गेलं वर्षभर रात्री जेवणं झाली की सुऱ्या घडवण्याचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आहे आणि आता स्वतः करून बघायचं आहे. बेल्ट ग्राइंडर, गॅसची भट्टी, नवी ऐरण असा दीड लाखाचा बेत कागदावर तयार आहे, पैसेही साठले आहेत. अडचण घरात आहे. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या गावी लोहारकाम करायचे आणि त्यांची ऐरण अजून गावच्या घरी पडून आहे. वडील आयटीआय करून कारखान्यात लागले, आता निवृत्त आहेत. बेत ऐकून ते एवढंच म्हणाले, "ज्या भात्यापासून मी पळालो, त्याच्यासाठी तू पैसे मोजणार?" तेव्हापासून विषय बंद. "बाबांना पिढीजात कामाची लाज वाटते. त्यांना कसं पटवू? आणि सुरुवात नेमकी कशापासून करू?" असं हे वाचक विचारतात. पुढेमागे सुऱ्या विकायचाही विचार आहे. पत्नीचं म्हणणं एकच: फ्लॅटमध्ये जाळ नको.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे, तेव्हा तिथूनच सुरू करतो. बाल्कनीत भट्टी लावल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते विसरा. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय असल्या कामाला वापरायला कायद्यानं बंदी आहे. आणि लालबुंद पातं तेलात बुडवलं की तेलावर वीतभर ज्वाळ उठते. वरच्या दोरीवर कपडे कुणाचे वाळताहेत ते ती बघत नाही. पण जाळ नको म्हणजे सुरी नको, असं नाही. एका सुरीच्या कामात जाळाचा वाटा फार तर अर्ध्या तासाचा. बाकी सगळं काम कानशीचं आणि पॉलिश पेपरचं, आणि ते खाली वर्तमानपत्र पसरून घरात होतं. शेजाऱ्यांची दुपारची झोप तेवढी सांभाळा.

तुम्ही मनात धरून चालला आहात की खरी सुरी म्हणजे ठोकून घडवलेली. व्हिडिओत ठिणग्या उडतात, घण पडतो, ते दिसायला छान असतं. कानस घासणारा माणूस कोण दोन तास बघेल? पण तुमचे आजोबा ठोकायचे ते ठिणग्यांसाठी नव्हे. हाती यायचा तो तुकडा एका आकाराचा आणि करायचा असायचा विळा, खुरपं, नांगराचा फाळ. पोलाद महाग, म्हणून लोखंडाच्या पात्याला धारेपुरतंच पोलाद बसवायचे. कानशीनं घासून निम्मा माल भुकटी करणं त्यांना परवडलंच नसतं. आज रोलिंग मिलमधून लाटून आलेली, हव्या त्या जाडीची पोलादी पट्टी मिळते. तिला घणानं आणखी मजबुती येते हा गैरसमज आहे. उलट नवख्या हातानं जास्त तापवली तर तिचा दाणा, म्हणजे पोलादाच्या आतले बारीक कण, मोठा होतो आणि सुरी ठिसूळ होते. ठोकणं ही स्वतंत्र विद्या आहे, सुंदर आहे, शिका जरूर, पण दुसऱ्या वर्षी.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत असे. नव्या पोरांना पहिले कित्येक आठवडे एकच काम: लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीनं सपाट, काटकोनात आणायचा. पोरं त्याला शिक्षा म्हणत. घासून झालं की गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. महिन्याभरानं त्याच पोरांना नुसतं बोट फिरवून कळायचं की कुठे उंच राहिलंय. सुरीचा उतार, म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारा भाग, याच बोटांनी बनतो. बेल्ट ग्राइंडरवर तोच उतार दहा मिनिटांत होतो आणि बिघडतो दहा सेकंदांत. हात तयार झाल्यावर ते यंत्र घ्याल तर त्याचं चीज होईल. आज घेतलंत तर वर्षभरानं विकायला काढाल, आणि अशी जवळजवळ नवी यंत्रं विकायला निघालेली मी बरीच पाहिली आहेत. बाकी, कानस हे हलकं हत्यार आहे असं ज्याला वाटतं त्यानं ती सलग वीस मिनिटं चालवून बघावी.

तर दीड लाखाचा कागद बाजूला ठेवा. बेंच व्हाइस, हॅकसॉ, बारा इंची एक भरड आणि एक बारीक कानस, साधं ड्रिल, दोन क्लॅम्प, 220, 400 आणि 600 नंबरचे पॉलिश पेपर, डोळ्यांचा चष्मा आणि चांगला मास्क. पाच-सहा हजारांत बसतं, आणि व्हाइस कुणाकडून जुना मिळाला तर त्याहून कमी.

पट्टी कुठली घ्यायची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी एवढंच सांगेन की नाव माहीत असलेली घ्या. भंगारातला ट्रकच्या कमानीचा पाटा सगळ्यांना मोहात पाडतो, कारण तो स्वस्त असतो. पण लाखो हिसके खाल्लेल्या त्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि चार दिवस घासून झाल्यावर पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करताना, पातं तडकलं की हात गळतात. साधं माइल्ड स्टील घेऊन तर काहीच होणार नाही. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत, ते कडक होतच नाही. भोसरीच्या बाजूला स्टीलचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे सीके-75 ची पट्टी विचारा. यात कार्बन साधारण 0.75 टक्के. ती नाही मिळाली तर कमानीच्याच जातीचं, पण नवं, ईएन-45 चालेल. जाडी 2 ते 3 मिलिमीटर. बेअरिंगचं ईएन-31 पहिल्यांदा नको, त्याला तापमान नेमकं धरून ठेवावं लागतं. स्टेनलेसचं नावही काढू नका. त्याला हजार अंशांच्या वरची, ताब्यात ठेवलेली भट्टी लागते.

पट्टी घरी आली तरी लगेच कापायला बसू नका. आधी जाड पुठ्ठ्याची सुरी कापा, चार इंची पात्याची, भाजी चिरायची. ती आठवडाभर ओट्यावर राहू द्या. घरात जो कुणी स्वयंपाक करतो त्यानं ती हातात धरून कांदा चिरल्यासारखं करून बघायचं आणि पेननं तिच्यावर लिहायचं: मूठ आखूड, टोक फार पुढे, बोटं ओट्याला घासतात. (हा 'जो कुणी' तुम्हीच असाल तर उत्तम. नसाल तर तुम्ही सुरी कुणासाठी करताय, हा प्रश्न आहेच.) आठवड्यानं त्या पुठ्ठ्याचा जो आकार झाला असेल तो पट्टीवर उतरवा.

हॅकसॉनं ढोबळ आकार कापला, कानशीनं कडा सारख्या केल्या, की धारेच्या बाजूची मधली रेघ काढायची. इथे एक जुनी युक्ती आहे. पट्टी जेवढी जाड तेवढ्याच व्यासाचं ड्रिलचं पातं घ्या, सपाट टेबलावर पट्टी आणि ड्रिल दोन्ही आडवे ठेवा आणि ड्रिलचं टोक कडेवरून ओढा. टोक आपोआप जाडीच्या बरोबर मध्यावर येतं. आधी कडेला मार्कर फासलेला असेल तर चकचकीत रेघ उमटते. ती रेघ म्हणजे तुमची धार. दोन्ही बाजूंनी तिच्याकडे घासत यायचं, पण तिला शिवायचं नाही. पाणी द्यायच्या आधी धारेशी जवळजवळ एक मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवा, नाहीतर पातळ कड तापून वाकडी होते. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचला. दात भरायला लागले तर कानशीवर शाळेतला खडू घासा. मुठीच्या पिनांची भोकंही आत्ताच पाडून घ्या. नंतर ड्रिल त्या पोलादावर नुसतं फिरेल.

आता पाणी देणं. सगळी विद्या इथे आहे, आणि तुमच्या दीड लाखाच्या यादीत नेमकी हीच नाही.

पातं तापवून झटकन थंड केलं की ते कडक होतं. किती तापवायचं हे ओळखायला लोहचुंबक पुरतो. 770 अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. तिथून थोडा आणखी ताव, रंग किंचित उजळेपर्यंत, आणि मग बुडवायचं. रंग दिसायला हवा म्हणून हे काम तिन्हीसांजेला करायचं. दुपारच्या उन्हात लाल रंग फसवतो. नावात पाणी असलं तरी ही पट्टी पाण्यात घालू नका, तडकेल. 50-60 अंशांपर्यंत कोमट केलेलं कुठलंही ताजं खाद्यतेल चालतं, उभट लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. प्लॅस्टिकची बादली नको, गाडीचं जळकं ऑइल नको. पातं सरळ उभं आत घाला, आडवं हलवू नका. गार झाल्यावर त्यावर जुनी कानस फिरवून बघा. काचेवरून घसरावी तशी ती घसरली की पातं कडक झालं.

आणि आता ते काचेसारखंच ठिसूळही आहे. माझी पहिली सुरी अशीच कडक झाली, रात्रीचे दहा वाजले होते, म्हटलं पुढचं उद्या. सकाळी कपाटावरून काढताना ती फरशीवर पडली. आवाजही सुरी पडल्यासारखा नाही आला, बशी पडल्यासारखा आला. दोन तुकडे. तेव्हा त्याच रात्री, पातं हाताला सोसवेल इतकं गार झालं की लगेच, घरच्या ओटीजीमध्ये 200 अंशांवर दोन तास, मग बाहेर गार होऊ द्यायचं आणि पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या भागावर गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग चढला की काम झालं. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. त्यानंतर सुरीला कधीही यंत्रावर इतकं घासू नका की धार निळी पडेल. निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं.

हे तापवणं कुठे करायचं? तीन वाटा आहेत. एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करून देणारी छोटी युनिट्स असतात. चार-पाच पाती एकदम घेऊन जा, पट्टीचं नाव सांगा आणि 57 ते 59 रॉकवेल इतका कडकपणा मागा. तुम्ही क्वालिटीत आहात म्हणजे कंपनीत कडकपणा मोजायचं रॉकवेलचं मशीन बहुधा असेल. साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत एक पातं तपासून घ्या. ही चैन बाकीच्या नवशिक्यांच्या नशिबात नसते. दुसरी वाट, रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी. त्यांच्यासमोर एक दुपार नुसतं बसा, व्हिडिओ न काढता, आणि उठताना कामाचे पैसे द्या. ते पातं पूर्ण बुडवत नाहीत. धारेची कडच बुडवतात, बाहेर काढून चटकन घासतात आणि मागच्या भागातली ऊब धारेकडे सरकताना रंग बदलत जातो तो बघत राहतात. हवा तो रंग धारेशी पोचला की पुन्हा बुडवतात. आपण ओटीजीत चार तास करतो ते काम अर्ध्या मिनिटात, डोळ्यांनी.

तिसरी वाट तुमच्या गावच्या घराकडे जाते. वडिलांचा प्रश्न तिथेच आहे.

'लाज' हा शब्द तुमचा आहे. वडिलांचा शब्द तुम्हीच लिहिलाय, 'पळालो'. या दोन्हींत फरक आहे. लाज वाटणारा माणूस विषय टाळतो, पळालेल्याला कशापासून पळालो ते नीट आठवत असतं. भाता ओढणं हे घरातल्या पोरांचं काम असायचं. घाम गाळलेल्याचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपानं, तोही शेतकऱ्याच्या मर्जीनं. आणि मग रबरी चाकांच्या डनलॉप गाड्या आल्या, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायचं काम गेलं, ट्रॅक्टर आले तसे नांगराचे फाळही गेले. आयटीआयचा दाखला हा त्या पिढीला भात्यापासून सुटण्याचा कागद होता. माझ्या वर्गात लोहारांची, सुतारांची मुलं असत. पहिल्या दिवशी हातोडा कसा धरला यावरून मला ओळखू यायची, पण विचारलं तर 'नाही सर, पहिल्यांदाच' म्हणायची. का, ते मला कळायचं, म्हणून मी पुन्हा विचारत नसे.

तुमच्या वडिलांच्या मनात यातलं काय आहे ते मला ठाऊक नाही आणि, स्पष्ट बोलतो, तुम्हालाही नाही. म्हणून त्यांना पटवायला जाऊ नका. पटवायला गेलात की ते विरुद्ध बाजूला बसणार. आणि 'आपली परंपरा', 'आपला वारसा' असले शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नका. ज्यानं तो वारसा खांद्यावर वाहिला त्याला तो तुमच्याकडून ऐकायचा नसतो. त्यापेक्षा घरात कानस चालू द्या. कानशीचा आवाज कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ओळखीचा असतो, आणि चुकीचा आवाज तर दुसऱ्या खोलीतूनही कळतो. ते उठून आले आणि 'मागे घासू नकोस' एवढं जरी म्हणाले तरी त्या दिवसाला तेवढं पुष्कळ. नाही आले तर नाही आले. तुम्ही सज्ञान आहात, सुरी तुमची आहे, पातं हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या आणि पुढे चला.

पण पातं तयार झाल्यावर, पाणी द्यायच्या आधी, त्यांना एक खरा प्रश्न विचारा, म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही असा: आजोबा रंग कसा ओळखायचे? त्यांनी काय शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहून ठेवा. मी लोहारांच्या तोंडून रंगाला पिकल्या जांभळापासून चिंचेच्या बोटुकापर्यंत नावं ऐकली आहेत, आणि दोन गावांची नावं एकसारखी नसतात. त्यांना यावंसं वाटलं तर गावी अंगणात विटांची चूल, लोणारी कोळसा आणि हवेला जुना हेअर ड्रायर एवढ्यावर एक सुरी आरामात तापते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप मात्र त्या जाळात कुठेही नको, त्याच्या धुरानं माणूस तापानं फणफणतो.

मुठीचं फार लांबवत नाही. बाभूळ किंवा शिसव, चांगली वाळलेली. दोन फळ्या, पितळी पिना, अराल्डाइट, रात्रभर क्लॅम्प, मग जवसाचं तेल. सांबर-चितळाचं शिंग कुणी आणून देऊ केलं तर हात लावू नका, झडलेलं असलं तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते अंगाशी येईल. धार सगळ्यात शेवटी लावा. मूठ बसवताना नवशिके कापून घेतात ते आधीच धार लावून ठेवल्यामुळे. आणि फिरत्या यंत्रावर, ड्रिलवरसुद्धा, हातमोजे घालू नका. मोजा गुंडाळला की त्याच्याबरोबर बोट जातं.

ही सुरी गंजेल, हे घरात आधीच सांगून ठेवा. लिंबू, कांदा, कोकम लागलं की काळपट डाग पडतील. ज्या घरात लोखंडी विळी होती तिथे हे कुणाला नवीन नाही: वापरली, धुतली, पुसली, दर चार दिवसांनी तेलाचं बोट फिरवलं.

विकण्याबद्दल. पहिल्या दहा सुऱ्या विकू नका, वापरायला द्या आणि सहा महिन्यांनी परत मागून बघा: धार कुठे मोडली, मूठ कुठे सुटली. आणि काय करायचं ते ठरवताना कायदा लक्षात असू द्या. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीकामाची त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा भाजीची सुरी, खुरपं, विळीचं पातं, नारळ सोलायची कोयती करा. खंजीर आणि तलवारींच्या मागण्या येतील, चांगले पैसेही सांगतील, नाही म्हणा. सुरी कुठे न्यायची तर गुंडाळून, डब्यात, कशासाठी नेताय ते सांगता येईल अशी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरात अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेश निघतात, अशा वेळी खिशातली सुरी तुम्ही स्वतः केली आहे या सबबीला काही किंमत नसते.

राहिली ऐरण. नवी घेऊ नका आणि गावची पुण्याला आणायचीही घाई करू नका. चौथ्या मजल्यावर तिचा काही उपयोग नाही. दुसऱ्या वर्षी ठोकायला शिकाल तेव्हा ती लागेल, गावीच. ऐरण नुसती जमिनीवर ठेवून चालत नाही, ती लाकडाच्या ओंडक्यावर बसवतात आणि ओंडका जमिनीत पुरतात. तुमच्या आजोबांचा ओंडका एव्हाना कुजला असेल. नवा कुठल्या लाकडाचा घ्यायचा, किती खोल पुरायचा आणि ऐरणीचं तोंड कुठल्या दिशेला करायचं, हे त्या अंगणापुरतं सांगू शकेल असा एकच माणूस आता तुमच्या घरात आहे.